८०८५ पडद्यावर: एका छोट्या प्रोसेसर एम्युलेटरच्या नोंदी

१२ जून

भाचीच्या डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची शिकायची किट आहेत आणि एकेका किटभोवती चार-पाच मुलं. वहीत सूचना लिहायच्या, तक्ता बघून त्यांचे हेक्स (सोळाच्या पायातले) कोड काढायचे, कीपॅडवर एकेक बाइट दाबत न्यायचा, मग ‘गो’, सुरुवातीचा पत्ता, ‘एक्झिक्यूट’. शेवटी निकालाचा पत्ता उघडून आकडा बघायचा. जुळला की वहीवर सही. नाही जुळला तर सगळे बाइट पुन्हा तपासायचे. मधल्या काळात प्रोसेसरने काय केलं ते कुणाला दिसत नाही, कारण किटवर सेव्हन-सेगमेंटचे सहाच आकडे असतात, चार पत्त्याचे आणि दोन डेटाचे.

"मावशी, एक्झिक्यूट दाबल्यावर आत नक्की काय काय हलतं गं?" असं तिने परवा विचारलं. तोंडी सांगून ते पटण्यासारखं नाही, दाखवायलाच हवं. म्हणून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारा ८०८५ चा एम्युलेटर, म्हणजे त्या चिपसारखाच वागणारा प्रोग्रॅम, बांधायला घेते आहे. एकच फाइल, इंटरनेट नसलं तरी उघडणारी, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांकडे संगणक नाही. मोबाइल मात्र सगळ्यांकडे आहे.

स्वतःचा एखादा खेळण्यातला प्रोसेसर रचता आला असता, सोपंही गेलं असतं. पण ८०८५ हा खरा आहे आणि तरी मनात पूर्ण मावतो. इंटेलने तो १९७६ मध्ये आणला. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला नुसते पाच व्होल्ट पुरतात. आत साधारण ६,५०० ट्रान्झिस्टर. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत याचाच ८०सी८५ हा भाऊबंद होता. आणि माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे त्याची स्थिती किती थोडी आहे ते. ए, बी, सी, डी, ई, एच, एल हे सात रजिस्टर (चिपच्या आतली एकेका बाइटची घरं), निकालाच्या खुणा ठेवणारा एक फ्लॅगचा बाइट, दोन बाइटचा स्टॅक पॉइंटर आणि पुढच्या सूचनेचा पत्ता धरणारा दोन बाइटचा प्रोग्रॅम काउंटर. झाले बारा बाइट. बाहेर ६४ केबी मेमरी. इंटरप्टचे (चालू काम मधेच थांबवणाऱ्या मागण्यांचे) थोडे बिट सोडले तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यापलीकडचं काही ठाऊक असावं लागत नाही. एवढं सगळं एका पडद्यावर एकाच वेळी दाखवता येतं, काही न लपवता.

१५ जून

डिकोडर. पहिला बाइट आणायचा, तो कोणती सूचना आहे ते ओळखायचं, ती पार पाडायची, पुढच्या बाइटकडे जायचं. एम्युलेटरचं मूळ चक्र एवढंच.

२५६ कोडांचा सोळा बाय सोळा तक्ता कागदावर काढला आणि त्याच्याकडे बघत बसले. हा तक्ता मुलं पाठ करतात. पण तो पाठ करायचा नाहीच, तो वाचायचा आहे. ४०एच ते ७एफएच (शेवटचा एच म्हणजे आकडा हेक्समधला) हे सगळे मूव्ह, म्हणजे एका जागेतली किंमत दुसरीत उतरवणारे. वरचे दोन बिट ०१, पुढचे तीन बिट कुठे ठेवायचं ते सांगतात, शेवटचे तीन कुठून आणायचं ते. बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, एचएल ज्या पत्त्याकडे बोट दाखवतं ते मेमरीचं घर ११० आणि ए १११. या हिशेबाने ७६एच हा मेमरीतून त्याच मेमरीत मूव्ह ठरला असता. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, म्हणून रचनाकारांनी ती जागा हॉल्टला, प्रोसेसर थांबवणाऱ्या सूचनेला, दिली. ८०एच ते बीएफएच हा पट्टाही असाच: आठ क्रिया, प्रत्येकीला आठ उगम. म्हणजे तक्त्याचा अर्धा भाग, १२८ कोड, दोन नियमांत संपला.

हे मी भाचीच्या वहीत लिहून दिलं. तिने लगेच ‘मूव्ह डी, बी’ चा कोड तक्ता न बघता काढला: ०१, ०१०, ०००, म्हणजे ५०एच.

उरलेला अर्धा भाग हाताने. त्यातले दहा कोड इंटेलच्या पुस्तकात नाहीतच. चिप ते पाळते, त्यांचे अर्थही लोकांनी शोधून काढलेले आहेत. तरी माझ्या एम्युलेटरमध्ये असा कोड आला की थांबायचं आणि पत्त्यासकट सांगायचं की ही सूचना पुस्तकात नाही. विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये असा कोड येतो तो जवळजवळ नेहमी भरकटल्यामुळे. तिथे थांबणं हीच मदत.

२१ जून

फ्लॅग. हा आठवडा सगळा यातच गेला आणि जायलाच हवा होता. रजिस्टरमधले आकडे डोळ्यांना दिसतात, पण प्रोग्रॅमची वळणं ठरतात ती या पाच बिटांवर: साइन (निकाल ऋण), झीरो (निकाल शून्य), ऑक्झिलरी कॅरी (मधला हातचा), पॅरिटी (निकालात एकांची संख्या सम), कॅरी (बाहेर गेलेला हातचा).

प्रत्येक सूचना यातल्या कोणत्या बिटांना हात लावते याचे नियम एकसारखे नाहीत. आयएनआर आणि डीसीआर (एका बाइटमध्ये एक मिळवणं, एक वजा करणं) कॅरी सोडून बाकी चारही बदलतात. डीएडी (रजिस्टरांच्या जोडीची बेरीज) फक्त कॅरी बदलते. आयएनएक्स आणि डीसीएक्स (जोडीत एक मिळवणं, एक वजा करणं) एकालाही शिवत नाहीत. मूव्ह आणि एमव्हीआयसुद्धा (ठरलेला आकडा भरणं) नाहीत, मग ए मध्ये शून्य का येईना. याउलट एक्सआरए ए (ए ची स्वतःशीच एक्स-ऑर) ही एकाच बाइटची सूचना ए शून्य करते, झीरो आणि पॅरिटी एक करते, कॅरी पुसते. ए रिकामा करायला ‘एमव्हीआय ए, ००’ आणि ‘एक्सआरए ए’ यांतली कोणती घ्यायची हा प्रश्न वर्गात बाइट मोजून सोडवतात. खरा फरक फ्लॅगमध्ये आहे.

ऑक्झिलरी कॅरी गाळावा असं वाटण्यासारखं बरंच आहे. त्याच्यावर उडी मारणारी एकही सूचना नाही. खालच्या चार बिटांतून वरच्या चारांत गेलेला हातचा तो धरून ठेवतो आणि तो वाचते एकटी डीएए, बेरीज दशमान करून देणारी सूचना. पण दशमान बेरीज सगळी त्याच्यावर उभी आहे. ७९ आणि २८ घ्या. हेक्समध्ये बेरीज ए१एच. खालचा अंक १, दिसायला अगदी साळसूद. पण ९ आणि ८ मिळवताना हातचा गेला होता आणि ते फक्त ऑक्झिलरी कॅरीला ठाऊक. म्हणून डीएए सहा मिळवते, ए७एच होतं. वरचा अंक नऊच्या पुढे, म्हणून ६०एच मिळवते, ए मध्ये ०७ उरतं आणि कॅरी एक. १०७. हा एक बिट गाळला तर कित्येक बेरजा बरोबर येतील आणि अधूनमधून एखादी चुकेल, आणि शिकणाऱ्या मुलीला वाटेल की आपल्यालाच कळत नाही. शिकवायच्या साधनात हे चालणार नाही.

म्हणून तपासणी पूर्ण केली. बेरजेला दोन बाइट आणि आतला कॅरी मिळून २५६ × २५६ × २, म्हणजे १,३१,०७२ जोड्या होतात. सगळ्या चालवून साध्या अंकगणिताशी ताडल्या. वजाबाकीलाही तेच. डीएएसाठी ०० ते ९९ मधल्या सर्व दशमान जोड्या, १०,०००. ब्राउझरला याला पापणी लवण्याइतका वेळ लागतो, तेव्हा नमुन्यादाखल चार आकडे घेऊन समाधान मानायचं काही कारण नाही.

२५ जून

८०८० आणि ८०८५ दोन्हींसाठी लिहिलेला एक जुना तपासणी प्रोग्रॅम चालवला. तो ०१००एच वर भरायचा. अक्षर छापायचं असलं की तो ०००५एच ला कॉल करतो, सी मध्ये २ असेल तर ई मधलं एक अक्षर, ९ असेल तर डीई च्या पत्त्यापासून डॉलरच्या चिन्हापर्यंतचा मजकूर. तो पत्ता अडवून छपाई खालच्या पट्टीत वळवली. शेवटची ओळ आली: सीपीयू इज ऑपरेशनल.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवते, पुढे कुणाला लागेल. एएनए ही अँडची सूचना ८०८५ मध्ये ऑक्झिलरी कॅरी नेहमी एक करते. ८०८० मध्ये तो दोन्ही आकड्यांच्या बिट ३ च्या ऑरवरून ठरतो. त्यामुळे ८०८० साठीचे काटेकोर तपासणी प्रोग्रॅम ८०८५ च्या बरोबर एम्युलेटरलाही नापास करू शकतात.

४ जुलै

आषाढातला शुक्रवार, गल्लीत सकाळपासून पी-ढबाक वाद्यं. त्र्यंबोली देवीला पाणी घेऊन निघालेल्या मंडळांचा आवाज दुपारपर्यंत कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेत घुमत होता. भाचीला सुट्टी नव्हती, पण ती आली, आणि तिच्यामुळे या प्रकल्पातली सगळ्यात कामाची गोष्ट आज हाती लागली.

तिचा प्रोग्रॅम ३०० बाइटचा चेकसम, म्हणजे त्यांची एका बाइटातली बेरीज, काढायचा. ३०० एका रजिस्टरमध्ये मावत नाही, म्हणून मोजणी बीसी जोडीत, ०१२सीएच. फेरा असा:

फेरा: एडीडी एम
आयएनएक्स एच
डीसीएक्स बी
जेएनझेड फेरा

वाचताना काही खटकत नाही. बेरीज कर, पुढच्या घरावर जा, मोजणी एकने कमी कर, शून्य झाली नसेल तर परत फिर. किटवर मात्र उत्तर एकदा एक, डेटा बदलला की भलतंच. वर्गात तिला सांगितलं होतं, हेक्स टाकताना चुकलीस.

तोवर माझ्या पडद्यावर पाच फ्लॅग पाच चौकोनांत होते, एक असेल तर भरलेला आणि शून्य असेल तर रिकामा. प्रोग्रॅम एकेक सूचना करून चालवला, तरी तिला काही दिसेना. आणि दिसणार कसं? ‘डीसीएक्स नंतर झीरो शून्यच राहिला’ आणि ‘डीसीएक्सने झीरोला हातच लावला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी, चित्रात मात्र एकच रिकामा चौकोन.

म्हणून तिथल्या तिथे बदल केला. आता प्रत्येक सूचनेनंतर, तिने ज्या फ्लॅगांचा निकाल लावला त्यांच्याभोवती जाड चौकट येते, किंमत बदललेली असो वा नसो. ज्यांना शिवलं नाही ते फिके होतात. पुन्हा चालवलं. एडीडी एम: पाचही चौकटी. आयएनएक्स: सगळे फिके. डीसीएक्स: सगळे फिके. जेएनझेड: उडी.

दुसऱ्याच फेऱ्याला ती म्हणाली, "थांब थांब मावशी, जेएनझेड तर बेरजेचा झीरो बघतोय!"

अगदी तेच. तिचा फेरा मोजणी संपल्यावर थांबतच नव्हता, बेरीज योगायोगाने ००एच झाली की थांबत होता. कधी ३०० च्या आधी, कधी मोजणी शून्याखाली उतरून एफएफएफएफएच वरून पुन्हा खाली येत असताना. दुरुस्तीही तिचीच: मोजणीचे दोन्ही अर्धे एकमेकांशी ऑर करून बघायचे, म्हणजे मूव्ह ए, सी आणि ओआरए बी. पण मग ए तपासणीला लागतो, तेव्हा चालू बेरीज डी मध्ये ठेवायची आणि प्रत्येक फेऱ्याला परत ए मध्ये आणायची. फेरा लांबला, उत्तर मात्र दर वेळी बरोबर.

किंमत दाखवणं सोपं असतं. कोणी बदललं आणि कोणी सोडून दिलं, हे दाखवायला हवं. रजिस्टर आणि मेमरीलाही आता हाच नियम: वाचलं की निळी कड, लिहिलं की नारिंगी, मग लिहिलेला आकडा आधीचाच का असेना.

(८०८५ च्या आत डीसीएक्स शून्याखाली उतरल्याची खूण ठेवणारा, पुस्तकात न छापलेला एक फ्लॅग आहे. तो मी दाखवलेला नाही. परीक्षेत आणि किटवर जो वापरायचा नाही त्याचा चौकोन पडद्यावर गोंधळच वाढवेल.)

जाताना म्हणाली, "मी हे वर्गात दाखवतो, मग बघू कोण हेक्स चुकलं ते."

१३ जुलै

वेळेचा हिशेब. प्रत्येक सूचनेला ठरलेले टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात: रजिस्टरमधून रजिस्टरमध्ये मूव्ह ४, एमव्हीआय ७, एसटीए (ए मेमरीत ठेवणं) १३, कॉल (उपप्रोग्रॅमला जाणं) १८, रिट (तिथून परत येणं) १०. अटीची उडी घेतली तर १०, नाही घेतली तर ७. हे सगळं तक्त्यात भरलं. आता पडताळायला खरी चिप हवी होती.

उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. फौंड्री आणि मशिन शॉपमधली कंट्रोल कार्डं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडे चालू स्थितीतलं ८०८५ चं किट आहे, ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असलेलं. चिप ती वारंवारता आत निम्मी करते, म्हणजे घड्याळ ३.०७२ मेगाहर्ट्झ. हा आकडा विचित्र का, ते काकांनी विलंबाचा फेरा पाटीवर मांडून दाखवलं.

एलएक्सआय बी, एफए००एच
फिर: डीसीएक्स बी
मूव्ह ए, सी
ओआरए बी
जेएनझेड फिर
रिट

फेऱ्याचे टी-स्टेट ६ + ४ + ४ + १० = २४. एका फेऱ्याला ७.८१२५ मायक्रोसेकंद. एफए००एच म्हणजे ६४,०००. गुणाकार करा, बरोबर अर्धा सेकंद. "हे पाठ करायचं नाही पोरी, हे एकदा मांडलं की हाताला राहतं," काका म्हणाले. भाचीने जी दुरुस्ती शोधली तीच ही जोडी, मूव्ह ए, सी आणि ओआरए बी. हे सांगितल्यावर काकांना फार आनंद झाला. त्यांनी तिला येताना घेऊन यायला सांगितलं आहे.

मग किटच्या एसओडी पिनवर, जी एकेक बिट बाहेर देते तिच्यावर, एलईडी लावला. ए मध्ये सी०एच घालून एसआयएम ही सूचना चालवली की पिन चढते, ४०एच घालून चालवली की उतरते, मधे अर्ध्या सेकंदाचा विलंब. शेजारी मोबाइलवर तोच प्रोग्रॅम. एलईडी आणि पडद्यावरचा ठिपका बरोबरीने उघडमीट करू लागले. कॉल, रिट, एमव्हीआय, उडी यांचे जास्तीचे टी-स्टेट धरले तर दर अर्ध्या सेकंदाला ५१ जादा होतात, तासाला साधारण ०.१२ सेकंद. चहा येऊन गप्पा संपेपर्यंत दोघांची जोडी सुटली नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो असं धरलं तर दर खेपेला ५१,२०० टी-स्टेट चालवायचे. पण हल्लीचे बरेच मोबाइल ९० किंवा १२० वेळा रंगवतात. म्हणून खेपा मोजायच्याच नाहीत. मागच्या खेपेपासून खरा वेळ किती गेला ते बघून तेवढे टी-स्टेट चालवायचे.

२० जुलै

मेमरीचं चित्र. ६४ केबी म्हणजे ६५,५३६ घरं, आणि २५६ × २५६ म्हणजेही तेवढीच. पत्त्याचा वरचा बाइट ओळ, खालचा बाइट स्तंभ. २०५ए एच कुठे? विसाव्या ओळीत पाचएवं घर, हेक्समध्ये मोजून. हिशेब लागत नाही, बोट ठेवता येतं. ००००एच वर डावीकडे, कारण मुलं वहीत पत्ते वरून खालीच लिहितात.

सूचना आणली की घर हिरवं, वाचलं की निळं, लिहिलं की नारिंगी, आणि रंग हळूहळू विझत जातो. पूर्ण वेगात हे चित्र सुंदर दिसतं आणि काहीच शिकवत नाही: हिरवी पट्टी सतत पेटलेली, डेटाचा पट्टा सतत पेटलेला. शिकवतं ते वेगाचं बटण. सेकंदाला एक सूचना इथपासून पूर्ण ३.०७२ मेगाहर्ट्झपर्यंत तो कुठेही ठेवता येतो, चालू प्रोग्रॅममध्ये. मधला एक टप्पा, सेकंदाला साधारण शंभर सूचना, मला सगळ्यात आवडतो. तिथे एकेक सूचना ओळखू येत नाही, पण प्रोग्रॅमचा फेरा ओळखू येतो.

बबल सॉर्टसाठी निवडलेली घरं उभ्या पट्ट्या करून दाखवायची सोय केली. दहा आकडे, ९ पासून १ पर्यंत कमी होत जाणाऱ्या तुलना, एकूण ४५. प्रत्येक फेरीत सगळ्यात उंच पट्टी उजवीकडे सरकत जाऊन बसते आणि पुढची फेरी एक घर आधी थांबते. आतला फेरा दर वेळी एकाने आखूड का करायचा, हे भाचीच्या मैत्रिणीने हे बघून स्वतःहून सांगितलं.

मोबाइलच्या रुंदीत २५६ घरं फार बारीक होतात, म्हणून एका ओळीवर बोट ठेवलं की ती १६ × १६ मध्ये मोठी उघडते. बाकी मांडणीवर फार वेळ घालवला नाही.

२६ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही, राजाराम बंधारा पाण्याखाली आहे, दिवसातून दोनदा वीज जाते. मोबाइलवर चालणारं साधन बांधतोय याचं समाधान वाटलं.

आज स्टॅक, म्हणजे मेमरीतली परतीच्या पत्त्यांची आणि बाजूला ठेवलेल्या किमतींची चळत. पुश बी केलं की आधी बी एसपी (स्टॅक पॉइंटर) वजा एकवर जातो, मग सी एसपी वजा दोनवर. चित्रात पत्ते वरून खाली वाढतात, म्हणून स्टॅक तळातून वर चढताना दिसतो. कॉलला एक पायरी चढतो, रिटला उतरतो. पुश केलं आणि पॉप विसरलं तर रिट डेटालाच पत्ता समजून उचलतो, आणि हिरवा ठिपका प्रोग्रॅम सोडून भलत्याच ओळीत जाऊन पडतो. त्या क्षणी काय झालं ते सांगावं लागत नाही.

मग प्रश्न आला: भरकटलेला प्रोसेसर रिकाम्या मेमरीत पडला तर पुढे काय? हे रिकामी मेमरी म्हणजे काय यावर अवलंबून आहे, आणि दोन्ही तऱ्हा बघण्यासारख्या आहेत.

मेमरीत ००एच असेल तर तो एनओपी. प्रोसेसर काहीही न करता घरामागून घर ओलांडत एफएफएफएफएच पर्यंत जातो आणि वळसा घालून ००००एच वर येतो. पडद्यावर एक हिरवा ठिपका ओळीमागून ओळ शांतपणे चालत राहतो.

एफएफएच असेल तर मात्र सगळं वेगळं. पुसलेल्या ईप्रॉममध्ये (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीच्या चिपमध्ये) एफएफच असतं, त्यामुळे ही वेळ प्रत्यक्षात येऊ शकते. एफएफएच म्हणजे आरएसटी ७: परतीचा पत्ता स्टॅकवर ठेव आणि ००३८एच ला जा. तिथेही एफएफ असेल तर पुन्हा आरएसटी ७, पुन्हा ००३८एच. प्रत्येक खेपेला ००३९एच हा परतीचा पत्ता स्टॅकवर, दोन बाइट. रिट कधीच येत नाही. नारिंगी पट्टा तळापासून निघतो आणि ओळीमागून ओळ खात वर चढतो, डेटा पुसतो, प्रोग्रॅम पुसतो, शेवटी ज्या ००३८एच वर तो उभा आहे तेही घर पुसतो. आरएसटीला १२ टी-स्टेट, एका खेपेला दोन घरं. सगळी ६४ केबी रॅम असेल आणि स्टॅक टोकाला, तर साधारण ०.१३ सेकंदात होत्याचं नव्हतं.

किटवर अशा वेळी एवढंच कळतं की आपण टाइप केलेला प्रोग्रॅम गायब आहे. इथे वेग कमी करून तो जाताना बघता येतो. रिकामी मेमरी कशाने भरायची, ००एच की एफएफएच, याचा पर्याय आता सुरुवातीलाच ठेवला आहे.

२ ऑगस्ट

मागे जाण्याची सोय. किटवर सिंगल स्टेप असतो, पण पुढेच. चुकीची जागा एका सूचनेने ओलांडली की रिसेट आणि पुन्हा पहिल्यापासून.

पूर्ण मेमरीची प्रत दर सूचनेला ठेवणं परवडणारं नाही आणि गरजही नाही. ८०८५ ची कोणतीही सूचना मेमरीतली जास्तीत जास्त दोनच घरं लिहिते. म्हणून दर सूचनेआधी बारा बाइटची स्थिती, आणि लिहिलेल्या घरांचे पत्ते व जुन्या किमती, एवढंच साठवायचं. फार तर १८ बाइट. दहा लाख सूचनांचा इतिहास १८ एमबीत बसतो, आणि जागा भरली की सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी. साध्या मोबाइललाही हे झेपतं.

यामुळे चूक शोधायची रीतच उलटी झाली. आता चुकीच्या उत्तरापासून सुरुवात करायची: निकालाच्या घरावर बोट ठेवायचं, ‘इथे शेवटचं कोणी लिहिलं’ हे बटण दाबायचं, आणि एम्युलेटर त्या सूचनेपर्यंत मागे जाऊन थांबतो. तिथून रजिस्टरमधला आकडा कुठून आला ते तसंच मागे मागे. काकांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी मोबाइल हातातून सोडला नाही. "कार्डाला हे बटण असतं तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या," एवढं म्हणाले आणि पुन्हा मागे जायला लागले.

१० ऑगस्ट

वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर फाइल पोचली आहे. कीपॅड किटसारखाच ठेवला, सबस्टिट्यूट मेमरी, नेक्स्ट, गो, एक्झिक्यूट, म्हणजे इथे बसलेला हात तिथे चालतो. प्रत्येक सूचनेखाली एक मराठी ओळ येते, ‘बी मधली किंमत ए मध्ये उतरवली, फ्लॅग जसेच्या तसे’ अशी. मुलं सुरुवातीला ती वाचतात आणि सवय झाली की बंद करतात, हे चांगलंच आहे.

इंटरप्ट झाले. मागणी आली की प्रोसेसर ज्या पत्त्यावर जातो, ते पत्ते लक्षात ठेवायला आठने गुणायचं: आरएसटी ५.५ ला ४४, म्हणजे ००२सीएच, ६.५ ला ००३४एच, ७.५ ला ००३सीएच. ट्रॅप हा चौथा इंटरप्ट साडेचार धरला तर ००२४एच. ७.५ साठी पडद्यावर एक बटण आहे. तो कडेवर चालतो, म्हणजे बटण दाबून लगेच सोडलं तरी मागणी आत नोंदलेली राहते. ५.५ आणि ६.५ ला मात्र दाबून धरावं लागतं. हा फरक दिसावा म्हणून ७.५ ची नोंद ठेवणारा बिट वेगळा रंगवला.

काकांनी त्यांच्या जुन्या वहीतला भट्टीच्या टायमरचा प्रोग्रॅम स्वतः बसून टाइप केला. विलंब बरोबर चालतो, मोजणी बरोबर उतरते; पण तो आकडे ८२५५ च्या, म्हणजे बाहेरच्या यंत्रांशी जोडणाऱ्या चिपच्या, पोर्टवर पाठवतो आणि माझ्याकडे ते पोर्ट अजून नाहीत. आउट सूचना चालते, पलीकडे कोणी घेणारं नाही. तेव्हा पुढचं काम ८२५५, आधी फक्त मोड झीरो. कंट्रोल वर्ड ८०एच पासून सुरुवात करते, त्यात तिन्ही पोर्ट आउटपुट होतात आणि काकांच्या प्रोग्रॅमला तेवढं पुरतं. कीपॅडचं इनपुट त्यानंतर.